एकच कळ, दोन लिप्या
(संगणकावर मराठी आणि कन्नड बसविताना)

दोन वर्षांपूर्वी ग्रंथालयातील एक जुने लोखंडी कपाट हलवावे लागले. कपाटामागे पडलेल्या वस्तूंत एक तबकडी सापडली. तिच्यावर निळ्या शाईने ‘शब्दसंग्रह – अंतिम प्रत’ असे लिहिलेले होते. अक्षर ओळखीचे होते. आमच्या मराठी विभागातून निवृत्त झालेले आणि आता हयात नसलेले एक प्राध्यापक रविवारी सायकलवर टांग टाकून आसपासच्या खेड्यांत जात, पारावर बसून म्हाताऱ्या माणसांशी गप्पा मारीत आणि आपल्या बोलीत मराठी-कन्नडची जी देवाणघेवाण झाली आहे, तिचे शब्द वहीत टिपून घेत. मराठी शब्द, त्यासमोर कन्नड शब्द आणि शेवटी अर्थ. आपले ‘तूप’ आणि कन्नडमधील ‘तुप्प’ यांची सोयरीक ते वर्गात अशी रंगवून सांगत की तास संपल्याची घंटा कुणाला ऐकू येत नसे. त्या वहीवरून २००२ च्या सुमारास त्यांनी सगळा संग्रह विभागाच्या संगणकावर टंकित करून घेतला होता, हे आम्हां सर्वांना ठाऊक होते. तो गेला कुठे, हे मात्र ठाऊक नव्हते.

नियतकालिकाच्या मराठी आणि कन्नड अशा दोन्ही विभागांत तो छापावा असे समितीने ठरविले. मोठ्या उत्साहाने तबकडी यंत्रात घातली. फाइल उघडली, आणि पडद्यावर ना मराठी, ना कन्नड! रोमन अक्षरे, कंस, टक्क्यांची चिन्हे, डोक्यावर टिंबे असलेले कुठलेसे परके स्वर, यांची नुसती मिसळ. जवळ उभा असलेला एक विद्यार्थी म्हणाला, “सर, फाइल खराब झाली आहे.”

फाइल खराब झालेली नव्हती. टंकित करताना दाबलेली प्रत्येक कळ त्या फाइलीत जशीच्या तशी होती. हरवली होती ती ती वाचण्याची किल्ली. ती किल्ली म्हणजे काय, आणि आज आपण संगणकावर किंवा मोबाइलवर मराठी व कन्नड बसविताना काय केले म्हणजे वीस वर्षांनी आपल्या लेखनाची अशी गत होणार नाही, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

अक्षर दिसते एक, असते दुसरे

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. रोमन लिपीतील लहान ‘के’साठी १०७ हा आकडा, हा संकेत १९६३ साली अमेरिकेत ठरलेल्या ‘अस्की’ या मानकाच्या कुटुंबातला. त्यात जागा अवघ्या १२८. पुढे त्या दुप्पट, म्हणजे २५६ झाल्या, पण त्याही युरोपीय भाषांच्या चिन्हांनीच भरल्या. देवनागरीला तिथे घर नव्हते, आणि कन्नडलाही नव्हते.

तेव्हा आपल्याकडील कल्पक मंडळींनी एक युक्ती काढली. आकडा १०७ च ठेवायचा, पण फॉन्टमध्ये त्या आकड्यासमोर ‘के’चे चित्र न ठेवता एखाद्या देवनागरी अक्षराचे किंवा त्याच्या तुकड्याचे चित्र ठेवायचे. संगणकाच्या लेखी ते ‘के’च, आपल्या डोळ्यांना मात्र मराठी. शिवाजी, किरण, श्रीलिपी, आकृती ही नावे जुन्या विद्यार्थ्यांना आठवत असतील. कन्नड विभागात नुडी आणि बरह यांच्या जुन्या फॉन्टांचीही जात हीच. या युक्तीला नावे ठेवण्याचे कारण नाही. तिच्यामुळेच आपल्या लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका आणि नियतकालिके वर्षानुवर्षे छापली गेली. मात्र तिच्यात एक गोम होती. प्रत्येक कंपनीने अक्षरांची मांडणी आपापल्या मर्जीने केली. एका फॉन्टमध्ये १०७ म्हणजे एक अक्षर, दुसऱ्यात दुसरे आणि कन्नडच्या फॉन्टमध्ये तिसरेच. म्हणजे मजकूर वाचायचा तर सोबत तोच फॉन्ट हवा. निदान त्याचे नाव तरी हवे.

आमच्या प्राध्यापकांनी काळजीपोटी संग्रहाची एक प्रत ‘साधा मजकूर’ या स्वरूपात साठविली होती, आणि तबकडीवर नेमकी तीच होती. साध्या मजकुरात फॉन्टचे नाव राहत नाही. उरतात ते फक्त आकडे. एकाच ओळीत दोन फॉन्ट, आणि दोघांचेही नाव नाही!

एक अक्षर, एक क्रमांक

यावर कायमचा उपाय म्हणजे युनिकोड. त्याची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. त्यामागची कल्पना अगदी साधी आहे : जगातील प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक द्यायचा. देवनागरी ‘क’चा क्रमांक २३२५. तो दुसऱ्या कुणाचाही नाही. फॉन्ट कोणताही लावा, अक्षराचे वळण बदलेल; अक्षर बदलणार नाही. फॉन्ट मुळीच नसला तर रिकामा चौकोन दिसेल, पण आतला क्रमांक शाबूत असेल.

आपल्यासारख्या दोन भाषांत वावरणाऱ्यांना यात एक गंमत आढळेल. कन्नड लिपीतील ‘क’चा क्रमांक ३२२१. दोन्हींतील अंतर ८९६. देवनागरी ‘न’ २३४४, कन्नड ‘न’ ३२४०. अंतर पुन्हा ८९६. ‘ड’ २३३७ आणि ३२३३, तेच अंतर. हा योगायोग नव्हे. आपल्या लिप्यांची वर्णमाला एकाच क्रमाने चालते, हे ओळखून भारतीय मानकांच्या तज्ज्ञांनी ‘इस्की’ नावाची एक सामाईक मांडणी आधीच केली होती. युनिकोडने भारतीय लिप्यांसाठी तिचाच आधार घेतला. कुठे कुठे अपवाद आहेत, कारण कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ आहेत, मराठीत नाहीत. पण घराचा आराखडा एकच.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. युनिकोडमध्ये अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठविली जातात. ‘कि’ लिहिताना वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, पण आत आधी ‘क’ आणि मग वेलांटी असते. टंकलेखन यंत्रावर हात बसलेल्यांना वेलांटी आधी मारायची सवय असते. त्यांना सुरुवातीला इथे ठेच लागते.

कळफलक कोणता घ्यावा?

युनिकोड ही साठवणुकीची पद्धत झाली. बोटांनी कोणती कळ दाबायची हा प्रश्न वेगळा, आणि त्याची उत्तरे मुख्यतः तीन.

पहिले, टंकलेखन यंत्राची जुनी मांडणी. ज्यांचा हात तिच्यावर बसला आहे त्यांनी ती सोडण्याची गरज नाही. युनिकोडमध्ये तीही मिळते. दुसरे, फोनेटिक म्हणजे रोमन स्पेलिंगवरून मराठी. ही शिकावी लागत नाही, हा तिचा गुण. परंतु त-ट, न-ण, ल-ळ यांच्यासाठी मोठी-लहान अक्षरे ध्यानात ठेवावी लागतात, आणि मराठी लिहिताना मन सतत रोमनमध्ये विचार करते. दोन ओळींच्या निरोपाला ती चालते. दहा पानांच्या निबंधाला दमवते.

तिसरे, इन्स्क्रिप्ट. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली मान्य केलेली ही मांडणी. तिचे शास्त्र एका वाचनात कळते. स्वर डावीकडे, बहुतेक व्यंजने उजवीकडे. साध्या कळीवर अल्पप्राण, शिफ्टसह महाप्राण : ‘के’ या कळीवर क, शिफ्ट धरल्यास ख, ‘आय’वर ग आणि घ, ‘एल’वर त आणि थ, ‘ओ’वर द आणि ध. साध्या कळीवर स्वराचे चिन्ह, शिफ्टसह पूर्ण स्वर : ‘ई’वर काना, शिफ्ट धरल्यास आ. ‘डी’वर पाय मोडण्याचे चिन्ह. जोडाक्षर करायचे तर पहिले व्यंजन, ‘डी’, दुसरे व्यंजन.

आता एक प्रयोग करून पाहा. कळफलक मराठी इन्स्क्रिप्टवर ठेवून ओळीने पाच कळा दाबा : के, व्ही, डी, व्ही आणि डावा चौकोनी कंस. पडद्यावर ‘कन्नड’ हा शब्द उमटेल. आता कळफलक कन्नड इन्स्क्रिप्टवर न्या आणि त्याच पाच कळा त्याच क्रमाने दाबा. तोच शब्द कन्नड लिपीत उमटेल. बोटांना एकदा शिकविले की दोन लिप्या आल्या. आपल्या गावात, जिथे दुकानाच्या पाटीपासून कार्यालयातील अर्जापर्यंत दोन्ही लिप्या रोज लागतात, तिथे हा लाभ लहान नाही. रोज अर्धा तास दिला तर तीन आठवड्यांत हात बसतो, हा माझा स्वतःचा अनुभव. आणि माझी बोटे काही विद्यार्थिदशेतील नव्हेत.

बसविण्यापूर्वी

कोणतेही सॉफ्टवेअर बसविण्यापूर्वी पुढील चार नियम पाळावेत.

एक, आधी आपल्या फाइलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी. दोन, फॉन्ट किंवा कळफलक मूळ कर्त्याच्या स्थळावरूनच उतरवून घ्यावा. कुणाच्या पेनड्राइव्हवरून आलेला ‘सगळे मराठी फॉन्ट’ नावाचा गठ्ठा घेऊ नये. तीन, एका वेळी एकच गोष्ट बसवावी आणि ती चालते असे पाहूनच पुढची घ्यावी. पाच गोष्टी एकदम बसविल्या आणि यंत्र अडले, तर दोष कुणाचा हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. चार, काय बसविले, कोणत्या तारखेला, कोणती आवृत्ती, हे एका वहीत लिहून ठेवावे. आमच्या प्राध्यापकांनी त्या तबकडीच्या वेष्टनावर फॉन्टची दोन नावे लिहून ठेवली असती, तर पुढे आम्हांला जे कष्ट पडले ते पडले नसते.

मुख्य म्हणजे, आज मराठी-कन्नडसाठी बहुधा काहीही विकत घ्यावे लागत नाही, की बाहेरून आणावे लागत नाही. विंडोज २००० पासून देवनागरी आणि विंडोज एक्सपीपासून, म्हणजे २००१ पासून, कन्नड त्या प्रणालीतच आहे. फक्त जागे करावे लागते.

विंडोजवर

‘सेटिंग्ज’ उघडून ‘टाइम अँड लँग्वेज’मध्ये जावे. तिथे विंडोज ११ मध्ये ‘लँग्वेज अँड रीजन’, विंडोज १० मध्ये नुसते ‘लँग्वेज’ असते. (विंडोज १० चा मोफत आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, हे जुन्या यंत्रांच्या बाबतीत ध्यानात ठेवावे.) ‘ॲड अ लँग्वेज’ म्हणून मराठी निवडावी. पुढच्या चौकटीत ‘ही प्रणालीची भाषा करा’ अशा अर्थाचा पर्याय येतो. प्रयोगशाळेतील सामाईक यंत्रावर तो रिकामाच ठेवावा. नाहीतर सगळ्या सूचना मराठीत होतात आणि पुढच्या तासाचा विद्यार्थी गोंधळतो. मग हीच कृती कन्नडसाठी करावी.

आता मराठीच्या ‘लँग्वेज ऑप्शन्स’मध्ये कळफलकांची यादी पाहावी. ‘मराठी’ म्हणजे इन्स्क्रिप्ट. ‘मराठी फोनेटिक’ हा वेगळा पर्याय २०१९ पासून मिळू लागला. जो नको तो काढून टाकावा. तीन-चार कळफलक एकदम ठेवले की बदलताना चुकायला होते. भाषा बदलण्यासाठी विंडोजची कळ धरून ‘स्पेस’ दाबावी.

ही व्यवस्था ज्याच्या नावाने आपण प्रवेश केला त्याच्यापुरती असते. प्रयोगशाळेत प्रत्येकाचे खाते वेगळे असेल तर ती प्रत्येकाने आपापल्या खात्यात करावी. फॉन्टचेही तसेच. फाइलीवर उजवी कळ दाबून ‘इन्स्टॉल’ म्हटले तर फॉन्ट आपल्यापुरता बसतो. सर्वांसाठी हवा असेल तर ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स’ म्हणावे. त्याला यंत्राच्या व्यवस्थापकाचा परवाना लागतो.

लिनक्सवर

उबुंटूमध्ये ‘सेटिंग्ज’मधील ‘कीबोर्ड’ या भागात ‘इनपुट सोर्सेस’ असते. तिथल्या अधिकच्या चिन्हावरून मराठी आणि कन्नड जोडावे. मराठीसाठी हवी ती मांडणी यादीत दिसली नाही, तर ‘आयबस-एम१७एन’ हे पॅकेज प्रणालीच्या अधिकृत भांडारातून बसवून, बाहेर पडून पुन्हा प्रवेश करावा. मग इन्स्क्रिप्ट दिसू लागते. यादीत ‘कागापा’ असेही एक नाव आढळेल. कन्नड गणक परिषदेची ही ध्वन्यनुसारी मांडणी. तिच्या मुळाशी के. पी. राव यांनी बांधलेला कळफलक आहे. कन्नड विभागातील ज्यांना नुडीची सवय आहे त्यांना ती ओळखीची वाटेल, आणि ती मराठीसाठीही उपलब्ध आहे.

लिब्रेऑफिसमध्ये ‘टूल्स’मधून ‘ऑप्शन्स’मध्ये जाऊन भाषांच्या पानावर ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’समोर खूण करावी आणि तिथे मराठी निवडावी. इथे नवख्यांची नेहमी फसगत होते ती अशी : अक्षरांचा आकार बदलला तरी मराठी मजकूर ढिम्म हलत नाही. कारण रोमन लिपीचा फॉन्ट आणि भारतीय लिपीचा फॉन्ट यांच्या नोंदी वेगवेगळ्या असतात. अक्षराच्या चौकटीत खाली भारतीय लिप्यांची नोंद असते, ती बदलावी. वर्डमध्येही ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ या नावाची अशीच नोंद आहे.

मोबाइलवर

अँड्रॉइड फोनवर गुगलच्या कळफलकाच्या ‘लँग्वेजेस’मध्ये जाऊन मराठी आणि कन्नड जोडता येतात, देवनागरी अक्षरांचा, रोमनवरून मराठीचा आणि बोटाने गिरवायचा, असे प्रकार त्यात आहेत. मात्र आकर्षक रंग किंवा चित्रे दाखविणारा अनोळखी कळफलक बसवू नये. आपण जे जे टंकितो ते सारे कळफलकाच्या हातून जाते, आणि त्यात बँकेचा परवलीचा शब्दही येतो.

‘दर्या’ आणि ‘दऱ्या’

सगळे बसवून झाले तरी मराठी विद्यार्थी एका ठिकाणी हमखास अडतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. र, पायमोड, य असे टंकिले की रफार येतो आणि सह्याद्रीच्या दऱ्यांचा समुद्र होतो! ‘दुसऱ्या’, ‘विचारणाऱ्या’, ‘वाऱ्यावर’ हे शब्द आमच्याकडे येणाऱ्या निम्म्याअधिक लेखांत असेच चुकलेले असतात, आणि दोष लेखकाच्या शुद्धलेखनाचा नसून बोटांचा असतो.

उपाय असा : इन्स्क्रिप्टमध्ये ‘जे’ कळीवर र आहे; शिफ्टसह ‘जे’ दाबल्यास खाली टिंब असलेला ऱ येतो. तो घ्यावा, मग ‘डी’, मग य. म्हणजे ‘दऱ्या’साठी कळा झाल्या : ओ, शिफ्टसह जे, डी, तिरकी रेघ, ई. टिंब आपोआप नाहीसे होते आणि आडवा र उमटतो.

हाच आकार दुसऱ्या एका वाटेनेही येतो. साधा र, पायमोड, मग ८२०५ क्रमांकाचे एक न दिसणारे जोडचिन्ह आणि मग य. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखी. पण आत क्रमांक वेगळे. त्यामुळे शोध घेताना एका रूपाने दुसरे सापडत नाही. म्हणून एका ग्रंथात, निदान एका नियतकालिकात, सर्वांनी एकच वाट धरावी. ऱ ची धरावी हे उत्तम. तसेच ‘ॲ’चे. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्यापूर्वीच्या फाइलींत त्याऐवजी ‘ऍ’ किंवा दोन तुकड्यांची जोडणी आढळते. शोधताना तिन्ही रूपे पाहावीत.

लक्षणे आणि उपचार

डॉक्टर नाडी पाहतो, तसे बिघडलेल्या मजकुराकडे पाहून रोग ओळखता येतो.

(१) रिकामे चौकोन दिसतात : मजकूर ठीक आहे, फॉन्ट नाही. ‘नोटो’ मालिकेतील देवनागरी व कन्नड फॉन्ट मोफत मिळतात, ते बसवावेत. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ही चांगला. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर ‘टिरो देवनागरी मराठी’ पाहावा.

(२) सरळ रोमन अक्षरांचा खिचडा दिसतो : मजकूर जुन्या फॉन्टमधला आहे. फॉन्टचे नाव शोधावे आणि रूपांतर करणारे साधन वापरावे. रूपांतरानंतर वेलांट्या आणि रफार डोळ्यांत तेल घालून तपासावेत. ‘कर्म’चे ‘कमर्’ होणे ही अशा साधनांची ठरलेली खोड आहे.

(३) डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ पुन्हा पुन्हा दिसतो : मजकूर युनिकोडच आहे, पण वाचणाऱ्या प्रोग्रामने तो दुसऱ्याच संकेताने वाचला. विद्यार्थ्यांच्या नावांची ‘सीएसव्ही’ यादी एक्सेलमध्ये थेट उघडली की हे घडते. घाबरून नावे पुन्हा टंकित करीत बसू नये. ‘डेटा’ या भागातून ‘फ्रॉम टेक्स्ट’ म्हणून ती आणावी आणि ‘६५००१ : युनिकोड (यूटीएफ-८)’ हा संकेत निवडावा.

(४) अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे : हा रोग वाईट. साठविताना युनिकोड न कळणारा संकेत निवडला गेला आणि अक्षरे खरोखरच पुसली गेली. यावर औषध नाही, पथ्य आहे : साठविताना ‘एन्कोडिंग’ यूटीएफ-८ आहे ना, हे पाहावे.

(५) पाय मोडलेली सुटी अक्षरे, जागा सोडलेल्या वेलांट्या, ठिपक्यांची वर्तुळे : मजकूर ठीक, पण त्या प्रोग्रामला जोडाक्षरे जुळविता येत नाहीत. याचा संबंध छापखान्याशी.

छापखान्याकडे पाठविताना

अनेक छापखाने वर्षानुवर्षे पेजमेकरवर अवलंबून राहिले. त्याची शेवटची आवृत्ती २००१ सालची, आणि तिला युनिकोड कळत नाही. इनडिझाइनला कळते, मात्र परिच्छेदाच्या पर्यायांत ‘वर्ल्ड-रेडी’ जुळणी निवडावी लागते, नाहीतर वरचे पाचवे लक्षण दिसते. मोफत साधन हवे असेल तर स्क्रायबसची १.६ ही आवृत्ती २०२४ साली निघाली आहे. तिच्यात आपली जोडाक्षरे जुळतात. छापखान्याला पीडीएफ देताना फॉन्ट आत समाविष्ट करावेत. परंतु पीडीएफ म्हणजे पानाचे छायाचित्र समजावे. तिच्यातून मराठी मजकूर पुन्हा उचलू गेल्यास तो अनेकदा विस्कटतो. म्हणून मूळ युनिकोड फाइल वेगळी जपावी. एक प्रत महाविद्यालयात, एक बाहेर आणि एक छापील कागदावर.

तबकडीचे पुढे काय झाले

कागदाचे महत्त्व आम्हांला त्या तबकडीनेच शिकविले. विभागातील निवृत्त टंकलेखकांकडे चौकशी केली, तेव्हा त्यांना मराठी फॉन्टचे नाव आठवले. रूपांतराच्या साधनाने मराठी शब्द आणि अर्थ बरेचसे परत आले. दोन विद्यार्थिनींनी सुट्टीत बसून वेलांट्या आणि रफार दुरुस्त केले. कन्नड शब्दांचा फॉन्ट मात्र कुणालाच आठवेना. मिळतील ते जुने कन्नड फॉन्ट लावून पाहिले. एकही जुळला नाही. शेवटी प्राध्यापकांच्या घरून छापील पानांची एक चळत मिळाली. तिच्यावरून आमच्या कन्नड विभागातील सहकाऱ्यांनी एकेक शब्द पाहून इन्स्क्रिप्टवर पुन्हा टंकित केला.

पण त्या चळतीतील शेवटची पाने वाळवीने खाल्लेली आहेत. ‘व’च्या पुढच्या शब्दांसमोर कन्नडचा रकाना आज रिकामा आहे. मराठी शब्द आहे, अर्थ आहे. त्याचा कन्नड सोयरा कोण, हे ज्या माणसाला ठाऊक होते तो आता नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी अनेकांच्या घरी दोन्ही भाषा सहज बोलणारी आजी आहे. त्या रिकाम्या रकान्याची यादी ग्रंथालयात ठेवली आहे. घरी नेऊन तिला विचारा. ती जे सांगेल ते वर सांगितलेल्या रीतीने दोन्ही लिप्यांत, यूटीएफ-८ मध्ये टंकित करून आणून द्या, आणि फाइलीच्या पहिल्या ओळीत गावाचे नाव व तारीख लिहावयास विसरू नका.